गोळ्या रुग्ण सोडतो, की आपण सारे मिळून त्याला सोडायला लावतो?

खलबत्ता (९ जून, सकाळी ७:५०)

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात गेली बावीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवतो. एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा उघडत आहे.

फेब्रुवारीत ६८ वर्षांच्या एक आजी पायांवरच्या सुजेची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर लघवी वाढवणारी गोळी लिहिलेली होती. दुकानात गर्दी होती, मी गोळी दिली आणि पैसे घेतले. मे महिन्यात त्यांचा नातू न वापरलेली औषधे परत करायला पिशवी घेऊन आला, तेव्हा मी ती पिशवी काउंटरवर ओतून पाहिली. तीत रक्तदाबाच्या तीन वेगवेगळ्या गोळ्या होत्या. एक प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेली, दुसरी मुंबईला मुलाकडे गेल्या होत्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी दिलेली, आणि तिसरी तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातली जोडगोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधे. तिघींची नावे निराळी, रंग निराळे, पण प्रत्येकीत ५ मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन होते. म्हणजे ज्या औषधाची दिवसाची कमाल मात्रा साधारण १० मिलिग्रॅम धरतात, ते आजी १५ मिलिग्रॅम घेत होत्या. पायांना सूज येणे हा या औषधाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. सुजेसाठी लघवीची गोळी आली, तिच्यामुळे रात्री तीनतीनदा उठणे आले, आणि एका रात्री न्हाणीच्या पायरीवर त्या पडल्या. हाड मोडले नाही, पण त्यांनी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. नंतर उपकेंद्रात रक्तदाब मोजला तो १९० वर १०० निघाला.

कागदावर आता ‘रुग्णाने उपचार सोडले’ एवढेच लिहिले जाईल. मला ते वाक्य अन्यायाचे वाटते. तीन डॉक्टर, मी, सिस्टर आणि आशाताई मिळून आम्ही सहा जण त्या आजींच्या औषधाशी संबंधित होतो, प्रत्येकाने आपापल्या परीने योग्य तेच केले, पण एकानेही दुसऱ्याला विचारले नाही. माझ्यापुरते सांगायचे तर ‘सूज कधीपासून आहे आणि आणखी कोणती औषधे चालू आहेत’ एवढे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे म्हटले होते की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधे घेतात. तिथे ही गत असेल, तर डोंगर उतरून खाडी ओलांडून दवाखान्यात येणाऱ्या आमच्या माणसांकडून आपण कशाच्या जोरावर अपेक्षा ठेवतो? इथे डॉक्टर, परिचारिका, आशा, औषधविक्रेते आणि रुग्णांचे नातेवाईक असे सर्व प्रकारचे सभासद आहेत. माझा प्रश्न सरळ आहे. रुग्णाचे औषध टिकावे म्हणून आपण एकमेकांशी नेमके कधी, कशाच्या आधारे आणि काय बोलावे?

तिठा (९ जून, रात्री १०:१५)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. आपण मांडलेला प्रसंग दुःखद आहे, परंतु दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पावसाळ्यात सकाळच्या ओपीडीत शंभराच्या वर केसपेपर असतात. त्यातच सर्पदंश येतो, विंचूदंश येतो, लेप्टोचा, म्हणजे पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशयित येतो. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाला त्या गर्दीत किती मिनिटे देता येत असतील याचा विचार करा. मी प्रत्येकाला ‘दुसरीकडची औषधे चालू आहेत का’ असे विचारतो. उत्तर ‘नाही’ असे येते, आणि संध्याकाळी कळते की मुंबईहून आलेली पिशवी घरात फळीवर आहे. रुग्ण माहिती लपवत असेल, तर डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून काय साधणार? थोडी जबाबदारी रुग्णाचीही आहे, आणि ती आपण सोईस्करपणे विसरतो असे मला वाटते.

सुरंगी (१० जून, दुपारी २:३०)

डॉक्टर, मी सिंधुदुर्गात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आपले म्हणणे अर्धे पटते. रुग्ण ‘नाही’ म्हणतो हे खरे आहे, पण तो का म्हणतो हे मी घरभेटींत ऐकले आहे. ‘दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो असे सांगितले तर हे डॉक्टर रागावतील’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात आहे. ती भीती रुग्णाने आणलेली नाही. एकाने दुसऱ्याची चिठ्ठी बाजूला सारून ‘हे कोणी दिले तुम्हाला?’ असे विचारले की रुग्ण ती चिठ्ठी पुन्हा कधीच दाखवत नाही.

२०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांबरोबर आमचा सिंधुदुर्गही होता. त्या कामातून मी जे शिकले ते इथे उपयोगी पडेल. औषधे मोजकी आणि ठरलेली असतात, त्यामुळे कोणत्याही सरकारी केंद्रात गेले तरी रुग्णाला तीच गोळी मिळते. औषध एका वेळी तीस दिवसांचे दिले जाते आणि पुढचे औषध घराजवळच्या उपकेंद्रातून नेता येते. मोजमाप सिस्टर करतात, नोंद आम्ही ठेवतो, मात्रा वाढवायची की नाही हे डॉक्टर ठरवतात, आणि तारीख चुकलेल्या रुग्णाला आम्ही फोन करतो किंवा आशाताई त्याच्या घरी जाऊन येतात. या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. बाहेरून हे यंत्र फार मोठे वाटते, पण आतून पाहिले तर त्याचा गाभा एवढाच आहे की डॉक्टरांनी सगळे एकट्याने करायचे नाही.

मात्र या साखळीत औषधाचे खाजगी दुकान नाही, खाजगी दवाखाना नाही आणि मुंबईही नाही. खलबत्ता यांच्या आजी नेमक्या त्याच फटीत पडल्या.

दादरचा चाकरमानी (१० जून, रात्री ९:०५)

मुंबईचे नाव निघाले म्हणून लिहितो. माझी आई राजापूर तालुक्यात एकटी राहते. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाताना मी तीन महिन्यांची औषधे घेऊन जातो, आणि तिच्यासाठी आपण काहीतरी केले या समाधानात परत येतो. हा धागा वाचल्यावर तिला फोन करून सगळी पाकिटे व्हिडिओवर दाखवायला सांगितली. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी ती पहाटे चहाबरोबर एकत्रच घेत होती. इथल्या आमच्या ओळखीच्या औषधविक्रेत्यांनी सांगितले की थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी घ्यायची असते, नाहीतर पहिली अंगी लागत नाही. गेल्या दोन तपासण्यांत थायरॉइड आटोक्यात नाही म्हणून मात्रा वाढवली गेली होती, आणि मूळ गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. थायरॉइडची गोळी मुंबईच्या डॉक्टरांची आणि कॅल्शियमची गावच्या दवाखान्यातली. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि मधला निरोप्या मी, ज्याला यातले काही कळत नाही.

वल्हं (११ जून, सकाळी ११:२०)

आमचा व्यवसाय मासेमारीचा, बंदर मालवणच्या बाजूचे. वडिलांना रक्तदाबासाठी जी गोळी होती तिने लघवी वारंवार होत असे. ती गोळी सकाळी घ्यायची असे चिठ्ठीवर लिहिलेले. ट्रॉलरवर दहाबारा खलाशी, समुद्र उसळलेला आणि दर तासाला उठायचे, हे ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळणार नाही. वडील पाण्यावर असतील तितके दिवस गोळी घेत नसत आणि किनाऱ्याला आले की पुन्हा सुरू करत. दर तपासणीला रक्तदाब कधी वर तर कधी बरोबर दिसे. डॉक्टर विचारत, ‘गोळी घेता ना?’ आणि वडील प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणत, कारण त्या आठवड्यात ते घेत असत.

हे उलगडले ते औषधाच्या दुकानात. दुकानातल्या बाईंनी एवढेच विचारले की महिन्याचे पाकीट दोन महिने कसे पुरते. वडिलांनी तिथे खरे सांगितले, कारण दुकानात कोणी रागावणार नाही असे त्यांना वाटले. बाईंनी चिठ्ठीच्या मागे दोन ओळी लिहून ती डॉक्टरांकडे परत पाठवली. डॉक्टरांनी वाईट वाटून न घेता गोळी बदलली. त्याला आता सहा वर्षे झाली आणि वडिलांचे औषध चुकलेले नाही.

त्यामुळे ‘रुग्ण लपवतो’ या वाक्याशी मी सहमत नाही. रुग्णाला जो प्रश्न विचारला जातो त्याचे उत्तर तो देतो. ‘गोळी घेता का’ आणि ‘गोळी किती दिवस पुरली’ हे दोन निराळे प्रश्न आहेत.

आगर (११ जून, दुपारी १२:१०)

वल्हं, तुमची शेवटची ओळ आमच्या रुग्णालयातल्या प्रत्येक परिचारिकेला वाचून दाखवणार आहे.

पाऊलवाट (११ जून, रात्री ८:४५)

मी आशा म्हणून काम करते. लिहायची सवय कमी आहे, तरी क्षयरोगाचा अनुभव सांगते, कारण औषध टिकवण्याचे सगळ्यात जुने शिक्षण आम्हाला त्यातूनच मिळाले.

औषध सहा महिन्यांचे असते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढते, आणि माणूस म्हणतो, ‘माका आता बरा वाटता, मगे गोळ्यो कित्याक खाव?’ औषध सुटायची खरी वेळ हीच असते, आणि ती आधीच माहीत असल्यामुळे मी त्या पंधरवड्यात रोज जाते. पहिल्या दिवशीच सांगून ठेवते की लघवी केशरी होईल आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. ज्यांना हे आधी सांगितले गेले नाही अशा एका तरुणाने रक्त जाते आहे असे समजून तिसऱ्याच दिवशी गोळ्या समुद्रात टाकल्या होत्या.

पूर्वी गोळ्या आठवड्यातून तीनदा असत, २०१७ पासून रोज झाल्या. लोकांना रोजचे लक्षात ठेवणे सोपे जाते हा माझा अनुभव आहे. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे खात्यात वेळेवर आले की माणसाचा आमच्यावरचा विश्वास वाढतो, आणि उशीर झाला की तो माझ्याशी बोलणे टाळतो. ज्याला आपण उपचार म्हणतो त्यात बँकेचे पासबुकही येते, हे वरच्या लोकांनी लक्षात घ्यावे.

माझी एक तक्रार आहे. रुग्णाला दुष्परिणाम झाला की तो मला सांगतो. मी ते वर कळवते. पुढे काय ठरले हे मला कोणी सांगत नाही. मग तो विचारतो तेव्हा माझ्याकडे उत्तर नसते. निरोप वर जातो तसा खालीही आला पाहिजे.

तिठा (११ जून, रात्री ११:३०)

पाऊलवाट ताई, तुमची तक्रार योग्य आहे आणि मी स्वतः त्यात दोषी आहे. आशांनी कळवलेले मी वाचतो, निर्णय घेतो, केसपेपरवर लिहितो आणि तिथेच थांबतो. निर्णय परत कळवणे हे उपचाराचेच काम आहे असा विचार मी केला नव्हता.

क्षयरोगाचे नाव निघाले म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. क्षयरोग्याला सॅनटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या खास रुग्णालयात, महिनोन्महिने ठेवावे लागते असा तेव्हा समज होता. त्या प्रयोगात काही रुग्णांना सॅनटोरियममध्ये आणि काहींना शहरातल्या गरीब वस्तीत त्यांच्या घरीच तीच औषधे वर्षभर देण्यात आली. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयरोगाचा उपचार बदलला. विद्यार्थी असताना मी यातून ‘घरचा उपचार चालतो’ एवढाच धडा घेतला होता. आता मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या रुग्णांच्या घरी नियमित भेटी देणारी माणसे होती, आणि त्यांनी पाहिलेले दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत होते.

पेजपाणी (१२ जून, सकाळी ९:४०)

सर्वजण एकमेकांना माहिती द्या असे म्हणत आहेत. मला या बाबतीत फार भीती वाटते, आणि ती बोलून दाखवणे आवश्यक आहे.

माझ्या धाकट्या भावाला मानसिक आजारासाठी लिथियम चालू आहे. आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजले हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होते. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर त्याचे लग्न जमणार नाही, या भीतीने आम्ही औषध जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणत होतो आणि गावात कोणालाही सांगत नव्हतो. उपकेंद्रात नाही, आशाताईंना नाही, कोणालाच नाही.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काजूच्या बागेत काम करताना त्याची कंबर धरली. गावातल्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणले आणि पाच दिवस दिले. उन्हाने घाम भरपूर जात होता. त्याचे हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर समजावून सांगितले की अशा वेदनाशामकांमुळे आणि शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे रक्तातले लिथियम वाढते. भाऊ वाचला, पण तेव्हापासून तो ते औषध घ्यायलाच घाबरतो, आणि ते सुरू ठेवण्यासाठी आम्हाला दर महिन्याला त्याच्याशी झगडावे लागते.

म्हणजे लपवल्यामुळे आमचे नुकसान झाले हे मला मान्य आहे. पण उघड केल्याने जे नुकसान झाले असते तेही खोटे नव्हते. तुम्ही सर्व व्यावसायिक एकमेकांशी बोलाल, तेव्हा ते बोलणे काउंटरवर, रांगेतल्या दहा माणसांसमोर होणार आहे का? याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी माझ्या भावाची यादी कोणाच्याही हातात देणार नाही.

खलबत्ता (१२ जून, दुपारी १:१५)

पेजपाणी ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. मी दुकानात ‘शुगरची गोळी कोणाची?’ असे मोठ्याने विचारत आलो आहे. मधुमेहात त्याचे कोणाला काही वाटत नाही, म्हणून त्यात काही वावगे आहे हे मला कधी जाणवले नाही. उद्यापासून ते बंद.

दुसरे असे की तुमच्या भावाचा आजार कोणता हे मला कळण्याची गरजच नव्हती. ‘याला वेदनाशामक देऊ नये, आधी विचारावे’ एवढी एक ओळ त्याच्या खिशातल्या कागदावर असती तरी मी गोळी दिली नसती. कोणी काय जाणून घ्यावे याची मर्यादा रुग्णाने ठरवावी, आणि आपण आपल्या कामापुरते मागावे.

बेहडा (१२ जून, सायंकाळी ६:००)

मी आयुर्वेदाचा चिकित्सक आहे, दापोली तालुक्यात. या चर्चेत आमचा उल्लेख अजून झालेला नाही, पण रुग्णाच्या फळीवर आमचीही बाटली असतेच. एक उदाहरण देतो.

एक गृहस्थ कोरड्या खोकल्यासाठी आले. मी ज्येष्ठमध असलेले चूर्ण दिले. खोकला जाईना म्हणून त्यांनी ते आपल्या मनाने दुप्पट, दोन महिने घेतले. मधल्या काळात त्यांचा रक्तदाब वाढत गेला आणि त्यांच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. शेवटी त्यांच्या मुलीने दोन्हीकडचे कागद माझ्यापुढे ठेवले, तेव्हा दिसले की त्यांना रक्तदाबासाठी एनॅलाप्रिल चालू होते. कोरडा खोकला हा त्याच गटातल्या औषधांचा परिचित दुष्परिणाम आहे, आणि ज्येष्ठमध जास्त प्रमाणात व दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो हेही परिचित आहे. त्यांच्या औषधाने खोकला आणला, माझ्या औषधाने रक्तदाब वाढवला, आणि रुग्ण दोन्ही पॅथींना कंटाळला.

मी त्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही, पण पुढच्या भेटीत औषध बदललेले होते आणि खोकला गेला. उत्तर आले असते तर बरे वाटले असते. परंतु आमच्या व्यवसायातल्या मंडळींनीही एक पाऊल पुढे यायला हवे. रुग्णाला ‘ती इंग्रजी औषधे बंद करा’ असे सांगून टाकणारे आमच्यातही आहेत, आणि ते मला अत्यंत गैर वाटते.

बंदरमोहल्ला (१३ जून, सकाळी १०:३०)

बेहडा साहेबांसारखेच आमचे एक उदाहरण आहे. रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातले मधुमेही डॉक्टरांना न सांगता रोजे धरत आणि गोळ्या आपल्या अंदाजाने कधी सेहरीला, कधी इफ्तारला घेत. काहींना ग्लिमेपिराइडसारखी गोळी असते, तिने उपाशीपोटी साखर एकदम उतरते. दोन वर्षांपूर्वी माझे मामा दुपारी मशिदीच्या पायऱ्यांवर बेशुद्ध झाले. तेव्हापासून रमजानच्या आधी शाबान महिन्यात उपकेंद्रातल्या मॅडम, एक खाजगी डॉक्टर आणि मशिदीचे इमाम साहेब एकत्र बसतात. कोणी रोजा धरू नये, कोणाची मात्रा कशी बदलावी हे डॉक्टर सांगतात, आणि आजारी माणसाला सवलत आहे हे इमाम साहेब सांगतात. डॉक्टरांनी ‘रोजा धरू नका’ म्हटले तर माझे मामा ऐकत नव्हते. इमाम साहेबांनी डॉक्टरांच्या शेजारी बसून तेच सांगितले तेव्हा त्यांनी मान्य केले.

आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत इमाम साहेब बसत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण औषध टिकले.

सुरंगी (१३ जून, दुपारी ३:००)

हे चतुर्थी आणि एकादशीलाही तंतोतंत लागू आहे. उपासाच्या दिवशी ‘पोटात काही नाही’ म्हणून गोळी न घेणाऱ्या बायका माझ्याकडे खूप आहेत. आता मी औषध देतानाच विचारणार आहे की उपास कोणते करता.

आगर (१३ जून, रात्री ९:२०)

थोडे विषयांतर वाटेल, पण इन्सुलिनबद्दल लिहिते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद पडला तसे अनेकांनी इन्सुलिन खराब झाले असे समजून टाकून दिले आणि टोचून घेणेच थांबवले. वापरात असलेली बाटली फ्रिजशिवाय, उन्हापासून दूर, साधारण चार आठवडे चालते, आणि मातीच्या माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात राखीव बाटलीही बराच काळ थंड राहते. हे आम्हा परिचारिकांना माहीत होते, दुकानदारांना माहीत होते, पण आधी कोणीच सांगितले नव्हते, कारण प्रत्येकाला वाटले की ते दुसऱ्याने सांगितले असेल. आता पाऊस सुरू झाला आहे. खलबत्ता, दुकानातून इन्सुलिन देताना माठाचे एवढे वाक्य जरूर सांगा.

खलबत्ता (१३ जून, रात्री १०:००)

आजपासून सांगतो.

वल्हं (१४ जून, सकाळी ८:१५)

एक सूचना. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. वर्षभर जी माणसे आरोग्य केंद्राच्या वेळात कधीच सापडत नाहीत ती या ६१ दिवसांत घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात. उपकेंद्राच्या मॅडम, डॉक्टर आणि औषधविक्रेते यांना एकदा तरी एकत्र यायचे असेल तर हीच वेळ आहे. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये जागा आहे. होडीवर कोणती गोळी कधी घेता येते, हे आमच्या माणसांना विचारूनच चिठ्ठी लिहावी.

तिठा (१६ जून, रात्री ९:५०)

माझ्या पहिल्या प्रतिसादात मी जबाबदारीचा मुद्दा ज्या स्वरात मांडला तो मला मागे घ्यायचा आहे. रुग्णाला जबाबदारी असतेच, परंतु तीन चिठ्ठ्यांची जुळणी करण्याची जबाबदारी सातवी शिकलेल्या आजींवर टाकणे योग्य नाही. ते शिक्षण आम्ही घेतलेले आहे.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. म्हणून आमच्या केंद्रात सोमवारपासून एक बदल केला आहे. जुन्या रुग्णांनी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायची, काढे आणि मुंबईची पाकिटे धरून. ओपीडीच्या आधी आमचे औषधनिर्माण अधिकारी ती पिशवी उघडून एका कागदावर यादी करतात. एकच औषध दोनदा दिसले, किंवा महिन्याचे पाकीट दोन महिने पुरलेले दिसले, तर त्याखाली रेघ ओढतात. यादी करायला त्यांना सहा-सात मिनिटे लागतात. माझ्यापुढे ती आली की मला एक मिनिट पुरते. पहिल्याच दिवशी अकरा पिशव्या आल्या आणि त्यांतल्या चारांत रेघ होती. मी बारा वर्षे सरकारी नोकरीत आहे आणि आमच्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांना याआधी मी साठ्याशिवाय दुसरे काही विचारलेले नाही.

पेजपाणी (१६ जून, रात्री १०:४०)

डॉक्टर, ती पिशवी कुठे उघडतात?

तिठा (१६ जून, रात्री ११:०५)

लसीकरणाच्या खोलीत, दार लावून. तुमचा प्रश्न वाचूनच जागा ठरवली.

खलबत्ता (२१ जून, सायंकाळी ७:३०)

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण सांगण्यासारखे काही झाले आहे.

आजींच्या नातवाला घेऊन मी आमच्या आरोग्य केंद्रात गेलो. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. मला वाटले होते की ते वैतागतील, पण त्यांनी विचारले, ‘केंद्रातली गोळी चालू होती हे मला कसे कळणार होते?’ आणि या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन्ही डॉक्टरांनी मिळून एकच जोडगोळी ठेवली. सुजेची गोळी पुन्हा सुरू केली नाही. पायांची सूज ओसरली आहे, रात्रीचे उठणे एकदाच राहिले आहे, आणि उपकेंद्रातला कालचा रक्तदाब १४८ वर ८६ आहे. अजून १४० च्या खाली यायचा आहे, पण आजी गोळी घेत आहेत.

त्याच बैठकीत ठरले ते असे. शंभर पानी वहीऐवजी शाळेची छोटी चाळीस पानी वही घ्यायची, ती रुग्णाची राहील आणि रुग्णाच्याच घरी राहील. जो कोणी औषध सुरू करेल, बदलेल किंवा बंद करेल त्याने तारीख घालून एक ओळ लिहायची आणि कारणही लिहायचे. औषधाचे मूळ नाव देवनागरीत ठळक लिहायचे, कारण कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो आणि लोक एकच औषध दोनदा घेतात. आजाराचे नाव लिहायचे की नाही हे रुग्ण ठरवेल, ही अट पेजपाणी ताईंच्या पत्रामुळे घातली आहे. शेवटच्या पानावर आशाताई आणि दुकान यांनी लिहायचे, की औषध किती दिवस पुरले आणि रुग्ण काय म्हणतो. त्या पानाखाली डॉक्टरांनी उत्तर लिहायचे, म्हणजे पाऊलवाट ताईंनी म्हटल्याप्रमाणे निरोप खालीही येईल. मोबाइलवरचे ॲप करावे असे नातवाने सुचवले होते, पण आजींच्या वाडीत रेंज फक्त चिंचेखाली मिळते, म्हणून सध्या वहीच.

अकरा वह्या सुरू झाल्या आहेत. आजींच्या वहीत मुंबईच्या डॉक्टरांची ओळ अजून कोरी आहे. मुलगा गणपतीला येईल तेव्हा वही बरोबर घेऊन जाणार आहे.

दादरचा चाकरमानी (२१ जून, रात्री ८:१०)

त्या मुलाला गणपतीपर्यंत थांबू देऊ नका. नातवाला चिंचेखाली उभे करून पानाचा फोटो आजच मुंबईला पाठवायला सांगा, आणि पुढच्या तपासणीला तो फोटो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला सांगा. माझ्या आईच्या औषधांच्या यादीचे पान मी काल तसेच नेले होते. डॉक्टरांनी थायरॉइडची वाढवलेली मात्रा पूर्ववत केली, त्याच पानाच्या छापील प्रतीवर खाली स्वतःच्या हाताने कारण लिहिले आणि विचारले की गावचे डॉक्टर कोण आहेत, त्यांचा फोन नंबर यादीत का नाही.

खलबत्ता (२१ जून, रात्री ८:२५)

खरे आहे, नंबरासाठी जागा ठेवायची राहिली. उद्या अकराही वह्यांच्या पहिल्या पानावर लिहून घेतो.